चार किलो चारशे

"हा काटा चुकतोय," बाबा म्हणाले.

सिस्टरने मान वर केली नाही. आई वजनकाट्याच्या लोखंडी पाटावर उभी होती. एका बाजूने मी आणि दुसऱ्या बाजूने वॉर्डातल्या मावशी तिला धरून. माणसाला धरलं की वजन कमी भरतं हे बाबांनी मला लहानपणीच शिकवलं होतं, म्हणून मी क्षणभर हात सोडला. मावशींनीही सोडला. तेवढ्यात सिस्टरने आकडा वाचला. "पंचावन्न सहाशे."

"नाही हो. एक्कावन्न दोनशे. काल संध्याकाळी मी स्वतः केलंय वजन."

"काका, घरच्या काट्यांचं असंच असतं."

"घरचा काटा मी बनवलाय," बाबा म्हणाले.

आईला खुर्चीत बसवून तोंडावर मास्क लावला. तिच्या छातीतून भांड्यात पाणी खदखदावं तसा आवाज येत होता. बाबा खाली उकिडवे बसले आणि त्यांनी खांद्यावरची पिशवी उघडली. रविवारची सकाळ होती, दुकान बंद होतं, आईला श्वास लागला तसे आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी निघालो होतो. तरी पिशवी त्यांच्या खांद्यावर होतीच. ती ते लग्नकार्यालाही नेतात. आत फलालिनीच्या कपड्यात गुंडाळलेली चाचणीची वजनं असतात, एक पाच किलोचं आणि दोन एकेक किलोची.

"ओ काका, हे काय काढलंत? बाजूला व्हा बरं. पेशंट बघू दे आधी."

"एक मिनिट, ताई. एकच मिनिट."

त्यांनी पाटाला बोटाने टिचकी मारली. तबकडीवरची सुई थरथरली आणि शून्यावर आली. मग त्यांनी पाच किलोचं वजन ठेवलं. सुई पाचवर. एक किलो. सहावर. आणखी एक. सातवर, रेघेच्या अगदी मधोमध.

"बरोबर आहे," बाबा म्हणाले.

त्यांना कुणी विचारलं नव्हतं. छत्तीस वर्षांत हे दोन शब्द त्यांनी हजारो वेळा म्हटले असतील, लोक त्याचेच पैसे देतात. पण म्हणताना त्यांचा आवाज असा झालेला मी कधी ऐकला नव्हता. त्यांनी एकेक वजन उचललं, कपड्यात गुंडाळलं, आणि आईकडे न बघता पिशवीचा बंद ओढत राहिले. बंद कधीच ओढून झाला होता.

आईने डोळे मिटून घेतले.

*

माझे बाबा वजनकाटे दुरुस्त करतात. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत त्यांची टपरी आहे. भाजीवाले, भंगारवाले, सोनार, सगळ्यांचे काटे त्यांच्याकडे येतात. आई बावीस वर्षं वीजबिल भरायच्या खिडकीवर होती, खिडकी क्रमांक तीन. बाजारात लोक तिला अजून 'तीन नंबर' म्हणायचे. तिथला नियम साधा होता: संध्याकाळी गल्ला जुळला पाहिजे, कमी भरला तर तेवढे पैसे पगारातून कापणार. आईचा पगार एकदाही कापला गेला नाही. एकदा पन्नास कमी आले. सगळे घरी गेले, वॉचमन किल्ल्या वाजवत उभा राहिला, तरी ती उठली नाही. शेवटी शाईच्या पॅडच्या बुडाला चिकटलेली नोट तिला सापडली. ही गोष्ट आमच्या घरी इतक्यांदा सांगितली जायची की बाबा मध्येच म्हणायचे, "आता पॅड उचल लवकर, भूक लागली."

दोन वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस, सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सात ते अकरा. आम्ही त्याला 'खेप' म्हणायचो. एका खेपेचे अठराशे. एक खेप चुकली की अंगात पाणी साठत जातं. पायांत, मग पोटात, मग छातीत. म्हणून रोज संध्याकाळी वजन करायचं. वजन म्हणजे पाणी. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा बाबांना पहिल्यांदा जरा धीर आल्यासारखं वाटलं. वजन त्यांना कळत होतं. एका जुन्या पार्सल ऑफिसचा तबकडीचा काटा आणून त्यांनी आठ दिवस खपून त्याला नवी स्प्रिंग बसवली, पॉलिश केलं, आणि तो पलंगाच्या पायथ्याशी ठेवला. "आख्ख्या गावात याच्याइतका खरा काटा नाही," ते म्हणाले. आई म्हणाली, "बायकोचं वजन जाहीर करायला एवढा खटाटोप."

आईच्या फंडाचे पैसे चौदा महिने पुरले. मग बाबांची स्कूटर गेली आणि जुनी आली. मग माझी कपाटभर पुस्तकं गेली; ती घेणारा माणूस किलोवर घेत होता, बाबांनी आधी त्याचा काटा तपासला. त्यानंतर विकण्यासारखं काही राहिलं नाही, आणि दर महिन्याच्या वीस तारखेला पैसे संपू लागले.

"तुमच्या फोनमध्ये म्हणे असतं काहीतरी," एका संध्याकाळी जिन्यात थांबवून बाबा मला म्हणाले. "पैशाचं नियोजन करून देणारं. आपला एक सोनार वापरतो. बघ ना जरा तसलं. चांगलं बघ."

"बाबा, ते पैसे देत नाही. असलेले दाखवतं फक्त."

"अगं पण कुठे जातात ते तरी कळेल. कुठेतरी जातच असतील ना."

मी ग्रंथालयात काम करते. घरात काही अडलं की त्यावर वाचून काढायचं, ही माझी सवय. मी तीन आठवडे वाचलं. हिशोबाची साधनं, त्यांच्या पद्धती, कुणाला कुठलं मानवलं, कुणी कुठलं का सोडलं. नऊ ॲप उतरवून पाहिली, वहीत रकाने आखून त्यांची तुलना केली. आज ती वही बघितली की मला माझी कीव येते. आमची दरमहाची तूट साडेनऊ हजार होती, आणि मला मनापासून वाटत होतं की साधन नीट निवडलं तर ते साडेनऊ हजार कुठेतरी सापडतील, शाईच्या पॅडखाली चिकटलेल्या नोटेसारखे.

पहिलं साधन बँकेचे मेसेज वाचून आपोआप हिशोब मांडायचं. पण बाबांची कमाई रोख. त्याला फक्त माझा पगार दिसला, आणि आमचं कुटुंब अस्तित्वात असणंच शक्य नाही असं त्याचं मत पडलं. हॉस्पिटलच्या कॅंटीनमधला चहा त्याने 'हॉटेलिंग'मध्ये टाकला आणि मौजमजा कमी करण्याचा सल्ला दिला. बाबांनी तो मोठ्याने वाचून दाखवला. आईला हसताना ठसका लागला.

दुसरा साधा तक्ता, ऑफिसात वापरतात तसला. तो मी बाबांच्या फोनमध्ये टाकला. चार दिवसांनी ते टपरीवरून धापा टाकत आले. "हे बघ, शिल्लक आठ लाख दाखवतंय." त्यांच्या जाड बोटाने एक रकाना पुसला गेला होता आणि पावत्यांचे नंबर बेरजेत आले होते. मी दुरुस्त केलं. "म्हणजे नाहीत?" ते म्हणाले. त्यांना माहीत होतं की नाहीत. पण गल्लीपासून जिन्यापर्यंत त्यांनी ते असू दिले होते.

तिसरं पाकिटांचं. हातात आलेला प्रत्येक पैसा आधी पाकिटांत वाटायचा: भाडं, किराणा, औषधं. पाकिटात ठरल्यापेक्षा कमी पडले की आकडा लाल होतो, आणि दुसऱ्या पाकिटातून आणून भरेपर्यंत तो लाल राहतो. घरातल्या सगळ्यांच्या फोनवर एकच हिशोब दिसायचा. वर्षाला बाराशे वर्गणी होती.

"पैसे नाहीत हे सांगायचे हे बाराशे घेणार?" बाबा म्हणाले. "ते तर मी फुकट सांगतो."

पण माझ्या वहीत सगळ्या रकान्यांत त्याच्यापुढे बरोबरची खूण होती. बाबांना ते कळल्यावर ते पुन्हा मला जिन्यात घेऊन गेले. आमच्या घरात महत्त्वाचं सगळं जिन्यात बोललं जायचं. आई पलंगावर असायची म्हणून.

"तिच्या फोनवर नको टाकूस."

"का?"

"का म्हणजे? तिला कशाला रोज दाखवायचं? आपण दोघं बघू ना काय ते."

"बाबा, ती काय लहान आहे? आपल्या दोघांना मिळून तिच्याइतका हिशोब येतो का? दिवसभर छताकडे बघत पडते. तिला काम हवंय, दया नकोय."

बाबा कठड्यावरचा रंग नखाने खरवडत राहिले. "तू शिकलेली," ते शेवटी म्हणाले. "तू ठरव."

मी ठरवलं.

*

आईने ते साधन एका दुपारी शिकून घेतलं. पाकिटांची नावं तिने घातली. भाडं, किराणा, औषधं, गाडीभाडं, वीज-गॅस-फोन. सगळ्यात शेवटी, खेप. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, पाठ ताठ. कितीतरी महिन्यांनी मला खिडकी क्रमांक तीनमधली बाई दिसली.

"माझा गल्ला परत आला," ती म्हणाली. बाबा खिशातून दिवसाची कमाई काढून तिच्यासमोर ठेवू लागले, सुटे पैसे वेगळे, नोटांची तोंडं एका बाजूला. तसं नसलं तर ती परत करायची. "रांगेत उभे राहा," असंही म्हणायची.

एक तारखेला तिने महिन्याचं वाटप केलं. दोघांचे मिळून बेचाळीस हजार. बाकीची पाकिटं भरून झाल्यावर खेपेच्या पाकिटात तेरा हजार नऊशे उरले. तेरा खेपांचे लागणार होते तेवीस हजार चारशे. खेपेचं पाकीट लाल झालं.

"आई, खेप आधी भर ना. किराणा लाल येऊ दे."

"कुठेतरी येणारच लाल. इथे आलं म्हणून काय झालं?"

"म्हणजे असं नको वाटायला की तुझ्यामुळे…"

"मला काही वाटत नाही. आकडा आहे तो. आकड्याला कसली आई नि कसली मुलगी."

पण तिने बावीस वर्षांत एकही गल्ला लाल ठेवून बंद केला नव्हता. मी निवडलेल्या साधनाने तिला तो रोज दाखवला. सकाळी, औषधाच्या वेळी, जेवताना. फोन उशाशी असायचा. आम्ही हातपाय मारत होतो. मी संध्याकाळचं टायपिंगचं काम धरलं, बाबांनी चहा सोडला आणि टपरीपर्यंत चालत जाऊ लागले. सगळं मिळून दीड हजार झाले. एका ट्रस्टकडून मदत मिळते म्हणून अर्ज केला. यादीत नंबर एकशे बारावा. वीस तारखेला बाबा बाजारात उसने मागायला जायचे आणि ज्यांचे काटे त्यांनी एकदाही कमी तोलू दिले नव्हते, त्यांच्याकडून मान खाली घालून यायचे. पुढच्या एक तारखेला लाल आकडा तिथेच.

दुसऱ्या महिन्यातल्या एका शुक्रवारी मी घरी आले तर आई उठून बसलेली होती.

"नंबर लागला," ती म्हणाली. "ट्रस्टचा. आठवड्यातली एक खेप फुकट. शुक्रवारची."

"एकशे बारावरून एकदम?"

"वरचे बरेच गेले म्हणे."

कुठे गेले ते आम्ही विचारलं नाही. बाबा मटकन खुर्चीत बसले आणि मग उठून आइसक्रीम आणायला गेले. आईला पाणीसुद्धा मोजून. तिला दोन चमचे दिले. तिने 'मदत' नावाने अठराशेची जमा लिहिली, खेपेला अठराशे खर्च लिहिले. महिनाभरात लाल आकडा गेला. हिशोब पैशापैशाला जुळत होता.

ट्रस्टचा फोन नंबर माझ्याकडे होता. दोन मिनिटांचं काम. साधं पुस्तक परत आलं तरी मी पानं तपासून घेते. पण तो फोन मी केला नाही. उद्या करू, आभार मानायला करू, असं म्हणत राहिले. मला ते खरं हवं होतं. आणि खरं हवं असलेल्या गोष्टीला माणूस टिचकी मारत नाही.

शुक्रवारी सकाळी सातला बाबा तिला सेंटरच्या दाराशी सोडायचे आणि टपरीवर जायचे. ती आत जायची, बाकावर बसायची, बाकीच्यांच्या नातेवाइकांशी गप्पा मारायची, आणि अकराला नेहमीप्रमाणे घरी निघायची. पण रिक्षाने नाही. हळूहळू, थांबत थांबत, चालत. गाडीभाड्याचेही दोनशे वाचायचे.

आणि संध्याकाळचा काटा. हे मला नंतर कळलं, पण इथेच सांगते. लग्न झालं तेव्हा बाबांची टपरी नव्हती. ते घरीच काटे दुरुस्त करायचे आणि आई त्यांच्यासमोर कंदील धरून बसायची. तबकडीच्या मागे एक बारीक स्क्रू असतो. तो उलटा फिरवला की काटा कमी दाखवतो. रिकामा असताना मात्र कळत नाही, कारण सुई शून्यापाशी एका खिळ्याला टेकून उभी राहते. पाटाला टिचकी मारली की कळतं. खरा काटा थरथरतो, बिघडवलेल्याची सुई खिळ्याला चिकटून गप्प राहते. बाजारातले लबाड दुकानदार बाबा याच टिचकीने पकडतात. परक्या काट्याला ते टिचकी मारल्याशिवाय हात लावत नाहीत.

आईने तो स्क्रू एकदम फिरवला नाही. थोडा थोडा, जसं पाणी वाढत गेलं तसा.

तिचे पाय सुजू लागले होते. ती मोजे घालायला लागली. "गार पडतात पाय," म्हणायची. एकदा मी म्हटलं, "बाबा, आईचा चेहरा भरल्यासारखा वाटतोय." त्यांनी तिला काट्यावर उभं केलं. एक्कावन्न शंभर. "काटा खोटं बोलत नाही," ते म्हणाले. "जरा जेवण लागलंय अंगी." आईने माझ्याकडे बघितलं आणि हसली. त्या हसण्याचा मी सुटकेसारखा अर्थ घेतला.

*

रविवारी त्या वॉर्डमध्ये पिशवी बंद करून बाबा उभे राहिले तेव्हा डायलिसिसच्या सेंटरमधला टेक्निशियन खाली आला. तातडीने मशीन लावायचं होतं. आई त्याला 'भाऊ' म्हणायची.

"शेवटची खेप कधी झाली?" डॉक्टरांनी विचारलं.

"परवा. शुक्रवारी," बाबा म्हणाले.

भाऊ गोंधळला. "बुधवारी, सर. शुक्रवारी त्या करत नाहीत."

"करत नाहीत म्हणजे?"

"येतात. बसतात बाकावर. मी विचारलं होतं एकदा, तर म्हणाल्या, घरी ठरलंय तसं, आता दोनच." तो माझ्याकडे बघू लागला. "बरेच जण करतात ताई, दोनवर. परवडत नाही. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे."

"कधीपासून?"

"झाले की चार महिने."

बाबांनी भिंतीला हात टेकला. मी फोन काढला. कशासाठी ते मला आजही सांगता येणार नाही. अनामत रक्कम भरायची होती, ती कुठल्या पाकिटातून काढायची ते बघत असेन. सगळी पाकिटं हिरवी होती.

चार तास मशीन चाललं. संध्याकाळी तिला बरं वाटलं. छातीतला आवाज कमी झाला, चेहऱ्यावरची सूज उतरली, हनुवटी पुन्हा टोकदार दिसू लागली. बाबा स्टुलावर बसून होते.

"मी टिचकी मारायला हवी होती," बाबा म्हणाले.

आईने मास्क थोडा वर उचलला. "मला रोज वाटायचं, आज मारणार तुम्ही. काट्यावर चढताना तुमच्या बोटांकडेच बघायचे." तिने मास्क टेकवून दोन श्वास घेतले. "नाही मारलीत."

"तुझ्या काट्याला कशाला मारू?"

"तेच ना," आई म्हणाली.

मग ती माझ्याकडे वळली. "तू नको तोंड पाडूस. साधन चांगलं निवडलंस. सगळं एका नजरेत दिसायचं."

"आई, बोलू नको."

"बावीस वर्षांत एक खोटी नोंद केली नव्हती. पहिली 'मदत' लिहिली बघ. दोनदा पुसली." तिला दम लागला. "मग सवय झाली."

"मी सोमवारपासून रजा काढते. मी येऊन बसेन तुझ्याजवळ. तीनही दिवस. पैशाचं बघू. मिळतील कुठूनतरी."

"कुठून?" आईने विचारलं. रागाने नाही. खिडकीतून विचारायची तसं, पुढच्या माणसाला लवकर मोकळं करायला.

बाबा पटकन म्हणाले, "टपरी विकतो."

"आणि मग भाड्याच्या पाकिटात काय घालणार? वजनं?"

बाबांना हसू आलं. खरंच आलं. ते हसता हसता त्यांनी तोंड पिशवीवर टेकवलं आणि बराच वेळ वर केलं नाही. आईने हात लांब करून त्यांच्या पाठीवर ठेवला. तिचा हात तिथपर्यंत नीट पोचत नव्हता, म्हणून मी स्टूल जरा पुढे ढकललं.

ती मंगळवारी सकाळी गेली. हृदयाला ताण झेपला नाही, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हा मी खाली कॅंटीनमध्ये बाबांसाठी चहा घेत होते.

*

घरी आल्यावर बाबांनी आधी काट्याजवळ बैठक मारली. पाटावर टिचकी मारली. सुई हलली नाही. पाच किलोचं वजन ठेवलं. ती पहिल्या रेघेच्या अलीकडेच थांबली, सहाशेवर. त्यांनी सगळी वजनं ठेवून पाहिली, उतरवली, पुन्हा ठेवली. "चार किलो चारशे," ते म्हणाले. मी स्क्रूड्रायव्हर आणून त्यांच्या हाताशी ठेवला. तो त्यांनी तिथेच राहू दिला. दुसऱ्या दिवशी मी तो उचलून पिशवीत टाकला.

एक तारखेला माझ्या फोनवर संदेश आला. गेल्या महिन्यात तुमचं एकही पाकीट लाल झालं नाही, अभिनंदन. तिघांच्या फोनवर तो आला असणार. आईचा फोन कपाटात बंद होता. बाबांनी त्यांच्या फोनवर वाचला, चष्मा काढला, पुसला, आणि टपरीवर गेले. मी ते साधन काढून टाकलं. आता हिशोब मी वहीत लिहिते. वही आपण उघडल्याशिवाय कुणाला काही दाखवत नाही. आता तूट नाही. महिन्याचे काही पैसे उरतात. ते कुठल्या नावाने लिहावेत हे न कळून मी तो रकाना कोरा ठेवते.

मागच्या आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या काकू खाली आल्या, हातात मोठी बॅग. त्यांची मुलगी परदेशी निघाली होती, विमानात तेवीस किलोच चालतं.

"तुमच्याकडे काटा आहे ना हो? जरा बघता? दोनदा उघडून बांधली, मला मेलीला अंदाजच येत नाही."

बाबा पेपर बाजूला ठेवून उठले. त्यांनी पलंगाच्या पायथ्याचा काटा पुढे ओढला, पाट हाताने पुसला, आणि बॅग उचलून वर ठेवली. सुई फिरली, डोलली, थांबली.

काकूंनी वाकून वाचलं. "एकोणीस. बरं झालं बाई, अजून चार किलो घालता येतील."

"नाही," बाबा म्हणाले. "हा कमी दाखवतो."

"अगंबाई. तुमच्या घरचा काटा, आणि कमी दाखवतो?" काकू हसल्या. "मग दुरुस्त नाही केलात?"

बाबांनी बॅग हलकेच खाली उतरवली. सुई परत शून्याच्या खिळ्याला टेकली आणि गप्प उभी राहिली.

"चालायचंच," ते म्हणाले. "दिसेल त्यात चार किलो चारशे मिळवा."